बेचाळीस खिळे

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकच कायदा केला, आणि तोही क्रिकेटच्या मैदानावर. घरात त्याचं कोणी ऐकत नाही म्हणून असेल. कायदा असा की जो मॅट ठोकेल तो बॉल टाकणार नाही. हा कायदा ज्याच्यावरच्या रागातून झाला त्याच्याच डोक्यावर तो बारा वर्षांनी येऊन बसला, आणि त्या माणसाची गोष्ट मला सांगायची आहे. त्याचं नाव तानाजी.

आधी मॅटचं सांगते. आमचं मैदान म्हणजे मस्कतजवळच्या अल अमेरातच्या डोंगरांच्या पायथ्याशी सपाट केलेली खडी. गवताचं पातं नाही. मधे सिमेंटची पट्टी, आणि तिच्यावर दर शुक्रवारी सकाळी काथ्याची मॅट अंथरायची. मॅटच्या दोन्ही कडांना मिळून बेचाळीस कड्या आहेत. प्रत्येक कडीतून वीतभर लांब खिळा जमिनीत ठोकायचा आणि मॅच संपली की सगळे उपटून डब्यात भरायचे. टीमचं नाव जुमा इलेव्हन. जुमा म्हणजे शुक्रवार. नावासाठी याहून जास्त डोकं कोणी चालवलं नाही. कप्तान माझा नवरा चंद्रहास, वय एकोणपन्नास, गुडघे त्याहून म्हातारे. मी स्कोअरर. लग्न होऊन मस्कतला आले तेव्हापासून शुक्रवारी सकाळी मी देवाला नाही, स्कोअरबुकाला हात जोडते. पोह्यांचा डबाही माझ्याच गळ्यात.

मॅट ताणून ठोकली की बॉल टप्पा पडल्यावर सरळ, जोरात येतो. फास्ट बॉलर खूश. बोटभर सैल सोडली की बॉल तिला धरतो, क्षणभर थांबतो, वळतो. फिरकीवाला खूश. हे बोटभर सैल डोळ्यांना दिसत नाही, पायाला कळतं. मॅट घरच्या टीमने ठोकायची ही लीगची रीत, आणि कशी ठोकली हे समोरच्यांनी विचारायचं नाही ही पण रीतच.

तानाजी डावखुरा फिरकीवाला. देवगडच्या बाजूचा. बाविसाव्या वर्षी एसीच्या पत्र्याचं काम करायला मस्कतला आला आणि पुढच्याच शुक्रवारी आमच्या मैदानावर येऊन उभा राहिला. चप्पल घालून. चंद्रहासने गंमत म्हणून बॉल दिला आणि तीन बॉलनंतर स्वतःचे बूट काढून दिले. त्यानंतर तेरा वर्षं तो आमचा होता. मी आले तेव्हा टीममधे त्याची दादागिरीच होती. हातोडीला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही. पहाटे स्वतः यायचा, बेचाळीस खिळे स्वतः ठोकायचा, मॅट हवी तेवढी सैल सोडायचा आणि मग वर तोंड करून म्हणायचा, "वयनी, आज लिंबू जास्त आणलास मां?"

लिंबाची भानगड अशी की त्याला बसता यायचं नाही. मॅचआधी नाही, बॅटिंगची वाट बघताना नाही, जेवतानासुद्धा नाही. पोह्यांबरोबर ठेवलेलं लिंबू उचलायचं आणि डाव्या हाताच्या बोटांनी गरगर फिरवत सीमारेषेवरून येरझाऱ्या घालायच्या. मॅच संपेपर्यंत त्या लिंबाचा जीव गेलेला असायचा. मी दर शुक्रवारी एक लिंबू त्याच्या नावाचं जास्त ठेवत असे.

मग बारा वर्षांपूर्वी सेमीफायनल आली. आमच्या टीमच्या इतिहासातली पहिली, आणि अजून तरी शेवटची. शुक्रवारी सकाळी साडेपाचला आम्ही मैदानावर दहा जण. मॅट गुंडाळलेली, हातोडी डब्यावर पडलेली, तानाजीचा फोन बंद. सहा वाजता कुणाच्या तरी ओळखीच्याकडून कळलं की तो आदल्या संध्याकाळीच दोनेक तासांवरच्या इब्रा गावी गेला. तिथल्या एका खडी फोडणाऱ्या क्रशर कंपनीत वर्कशॉपचा फोरमन म्हणून घेतलं होतं त्याला, आणि त्याच शुक्रवारी कंपनीच्या टीमची मॅच होती म्हणून लगेच बोलावलं होतं. आमची मॅट त्या दिवशी कोणी ठोकली मला आठवत नाही, पण ती ठिकठिकाणी फुगली होती हे आठवतं. आम्ही एकाहत्तर रनांनी हरलो. चंद्रहासने स्कोअरबुक माझ्या हातातून ओढून घेतलं आणि मी आधीच लिहून ठेवलेल्या अकरा नावांतलं एक इतक्या जोरात खोडलं की पान फाटलं.

पुढच्या शुक्रवारी कायदा आला. मॅट टीममधला सगळ्यात नवा माणूस ठोकेल, आणि जो मॅट ठोकेल तो बॉल टाकणार नाही. दुसरा नवा आला की पहिला सुटला. स्वतःच्या बॉलिंगसाठी मॅट ठोकणारी माणसं मला नकोत, असं कप्तान म्हणाला. नाव घेतलं नाही. बारा वर्षं आमच्या घरात ते नाव कोणी घेतलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात एका बुधवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात तानाजी. केस अर्धे पांढरे, पोट सुटलेलं, हातात इब्राच्या हलव्याचा डबा.

"वयनी, कप्तान आसत?"

मला आनंद झाला आणि त्याच क्षणी मी आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. त्याला बसा म्हटलं तर बसला नाही. सोफ्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून सोफ्यापर्यंत चालत राहिला आणि चालता चालता मला सगळं सांगितलं. क्रशर बंद पडला. कंपनीची टीम तर चार वर्षांतच मोडली होती, अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, मुलाला क्रिकेटचा कंटाळा आला म्हणून. आठ वर्षं हातात बॉल नाही. आता अमेरातच्या एका गॅरेजमधे एप्रिलअखेरपर्यंत काम मिळालं होतं, मग व्हिसा खलास. मग गाव, कायमचं. गावी त्याची बायको, कलावतीवहिनी, पंचवीस वर्षं वाट बघत होत्या.

चंद्रहास आतून आला आणि दारातच थांबला. तानाजीही थांबला. बारा वर्षांत काय काय बोलायचं ठरवून आला असेल बिचारा, पण तोंडातून एवढंच निघालं, "कप्तान, माका फकस्त एक ओव्हर होयी. जुमाकडसून. मगे मी गावाक जातंय."

"तू टीममधे नवा आहेस," चंद्रहास म्हणाला. "कायदा सगळ्यांना सारखा. साडेपाचला ये. हातोडी प्रशांतच्या पिकअपमधे असते."

आणि आत गेला. हलव्याचा डबा माझ्या हातात तसाच राहिला. मला नवऱ्याची इतकी लाज वाटली की तानाजीला चहा विचारायचंही सुचलं नाही.

मला वाटलं, हा काही आता येत नाही. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस पोरासोरांसारखा खिळे ठोकायला कशाला येईल? पण शुक्रवारी आम्ही पोचलो तेव्हा तो मॅटवर गुडघे टेकून वाकला होता आणि चाळिसावा खिळा जमिनीत जात होता. प्रशांत, आमचा विकेटकीपर, बाजूला उभा राहून तोंड वाकडं करत होता. जुन्या माणसांपैकी तानाजीला ओळखणारे आता प्रशांत, चंद्रहास आणि मी एवढेच उरलो आहोत.

ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. तानाजी मॅट ठोकायचा, थर्डमॅनला उभा राहायचा, अकराव्या नंबरला बॅटिंग यायची किंवा यायचीच नाही. सुटका एकाच गोष्टीने होणार होती, कोणीतरी नवीन खेळाडू यायला हवा होता. पण आजकाल आमच्या खडीवर येतं कोण? नवी मुलं अल खौदला कोचिंगला जातात, गवतावर पडतात आणि त्याचे फोटो टाकतात. जानेवारीत एक जण आला, नाव सुफियान, दोन ओव्हर फील्डिंग केली, गुडघा खरचटला आणि शूज झटकत निघून गेला. तो गाडीपर्यंत पोचेस्तोवर तानाजी त्याच्यामागे चालत गेला होता. काय बोलला माहीत नाही. परत आला तेव्हा लिंबू फिरवायचंही विसरला होता.

ती त्याची तगमग माझ्याने बघवत नव्हती. आमची बॉलिंग सुरू झाली की तो सीमारेषेवर सतत पायांची चाळवाचाळव करायचा. ओव्हर संपली की दोन पावलं पुढे यायचा, न जाणो कप्तानाने हाक मारली तर. कप्तान दुसरीकडे बघायचा. मग दोन पावलं मागे. एका मॅचमधे वीस ओव्हर म्हणजे वीस वेळा पुढे आणि वीस वेळा मागे. माझी मुलगी इरा माझ्या शेजारी बसून मोबाइल बघत असते, तिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. तिनेही एकदा मान वर करून विचारलं, "आई, ते अंकल एव्हरी टाइम पुढे येतात... अँड देन जातात. त्यांना कोणी बोलवत का नाही?"

"तुझ्या बाबांना विचार," मी म्हटलं.

तिने खरंच विचारलं. गाडीत. बाबांनी एसीचा आवाज वाढवला.

बाबांचं या वर्षी भलतंच जोरात चाललं होतं. एकोणपन्नासाव्या वर्षी माणूस अचानक विकेटवर विकेट काढायला लागला. बॉल टप्प्यावरून सणकन जायचा. घरी आरशासमोर रनअपचा अभ्यास चालायचा. जिममुळे झालं म्हणे, नव्या बुटांमुळे झालं म्हणे. एप्रिल अर्धा सरला तेव्हा एकोणीस विकेट होत्या. वीस झाल्या की लीगचा कप, आणि तो ठेवायला शोकेसमधली माझी गणपतीची मूर्ती हलवायचंही ठरलं होतं. टीम म्हणाल तर सेमीफायनलच्या शर्यतीतून केव्हाच बाहेर.

एका शुक्रवारी आम्ही जरा लवकर पोचलो. चंद्रहास गाडीतून किट काढत होता आणि मी डबा घेऊन मॅटपाशी गेले. तानाजी शेवटच्या टोकाला मॅट ओढत होता. नुसत्या हाताने नाही. कडीत दोरी अडकवून, टाच रोवून, मागे रेलून, सगळं अंग घालून. कपाळाच्या शिरा फुगलेल्या. मॅट इतकी ताठ झाली की मी पायाने दाबली तर बोटही आत गेलं नाही. मी सोळा वर्षं स्कोअर लिहिते, एवढं मला कळतं.

"तानाजीभाऊ, तुम्हाला तर सैल लागते ना?"

"माका खय बॉल टाकूचो आसा?" तो खिळा ठोकत म्हणाला. "बॉल कप्तान टाकतलो. तेका मॅट ताठ होयी."

मी तिथेच उभी राहिले. एकोणीस विकेट माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. मी त्या माझ्या हाताने लिहिल्या होत्या, प्रत्येकीपुढे नवऱ्याचं नाव घालून.

"त्या दिवशी सांगून का नाही गेलात हो?" बारा वर्षं पोटात असलेला प्रश्न शेवटी निघालाच.

त्याने हातोडी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. "सांगूक होया हुता. पन कप्तानासमोर तोंड उघडूचा धाडस झाला नाय. तेनी नुको म्हटल्यानी असता तर मी थांबलंय असतंय, आणि नोकरी गेली असती." मग एक खिळा ठोकून म्हणाला, "त्या शुक्रवारी इब्र्यात मी पयल्याच ओव्हरीत दोन विकेटी काढलंय, वयनी. सगळे धावत इले, मिठये मारल्यानी. आणि माका एकाचाय नाव म्हायत नव्हता."

एवढं बोलून तो उठला आणि सीमारेषेकडे चालायला लागला. मी त्याच्या हातात लिंबू द्यायलाही थांबले नाही, कारण मला रडू येत होतं आणि ते प्रशांतला दिसायला नको होतं.

शेवटची मॅच एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी. रविवारी तानाजीचं विमान. गुरुवारी संध्याकाळी चंद्रहास बूट पॉलिश करत बसला होता आणि मला विचारत होता की कप काचेच्या कुठल्या बाजूने जास्त चांगला दिसेल.

माझं डोकं फिरलं. "कोणाचा कप?" मी म्हटलं. "तुझ्या विकेट कोणी काढल्या माहीत आहे तुला? जिमने नाही. बुटांनी नाही. तो माणूस सहा महिने दर शुक्रवारी पहाटे अंगाची दोरी करून तुझ्यासाठी मॅट ताणतोय. स्वतः फिरकीवाला असून. उद्या जाऊन मॅटवर टाच दाबून बघ, दगड लागेल दगड! तुला वाटतं तू त्याला शिक्षा करतोयस. अरे, तो तुला विकेट देतोय आणि तू एकोणीस वेळा हात वर करून नाचलास!"

"कायदा कायदा आहे," तो म्हणाला, पण बुटाकडे बघत.

"कायदा रागाचा आहे. आणि राग कशाचा आहे ते मी सांगू? तो टीम सोडून गेला याचा नाही. तुला न सांगता गेला याचा. बारा वर्षं तू त्याला एक फोन केला नाहीस, मग का गेला ते कधी सांगणार होता तो?"

चंद्रहासने ब्रश खाली ठेवला. नेहमी झोपेतही अपील करणारा माणूस रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. सकाळी मला जाग आली तेव्हा शेजारी नव्हता आणि खाली त्याची गाडीही नव्हती. इराला उठवलं, पोहे डब्यात भरले, टॅक्सी केली. सगळ्या रस्ताभर मला धाकधूक होती की हा मॅच सोडून कुठेतरी निघून गेला. आमच्याकडे पुरुष असेच जातात, न सांगता.

मैदानावर पोचलो तर उजाडलं होतं. मॅटच्या कडेला कोणीतरी गुडघ्यांवर होतं, पण पाठ तानाजीची नव्हती. चंद्रहास खिळे ठोकत होता. एक घाव खिळ्यावर, एक जमिनीवर, एक बोटावर. प्रशांत धावत पुढे गेला. "कप्तान, अहो मी करतो!"

"हात लावू नकोस."

"निदान ओढून तरी घ्या, सैल राहिलीय."

"राहू दे."

तेवढ्यात गॅरेजच्या गणवेशातच तानाजी आला. कामावरून थेट आला असावा. पिकअपकडे हातोडी आणायला गेला, ती सापडली नाही, वळला आणि त्याला दिसलं. तो मॅटच्या टोकापर्यंत आला. चप्पल काढली. उजव्या हाताच्या बॅट्समनच्या ऑफ स्टंपसमोर जिथे त्याचा बॉल पडायचा तिथे जाऊन त्याने टाच दाबली. मॅट बोटभर खाली गेली.

चंद्रहासने मान वर केली नाही. "मॅट मी ठोकलीय," तो एकेचाळिसाव्या खिळ्याशी झगडत म्हणाला. "म्हणजे आज मी बॉल टाकणार नाही. कायदा सगळ्यांना सारखा. नवा बॉल तू घे."

आणि सबंध हंगामात जो माणूस एकदाही टेकला नव्हता, तो मॅटवर मधोमध खाली बसला. तोंडावर दोन्ही हात घेऊन. चंद्रहास शेवटचा खिळा ठोकत राहिला, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ. मला त्या क्षणी माझ्या नवऱ्याचा जितका अभिमान वाटला तितका लग्नात हार घालतानाही वाटला नव्हता, आणि हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

समोर एका सुपरमार्केटची टीम होती. आम्ही फील्डिंग घेतली. तानाजीने बॉल हातात घेतला, बोटांनी शिवण चाचपली, दोनदा रनअप मोजला आणि दोन्ही वेळा चुकला. पहिला बॉल फुलटॉस, चार रन. दुसरा वाइड, इतका की प्रशांत आडवा पडला. पुढचे दोन त्याने जीव मुठीत धरून सरळ टाकले. आठ वर्षांचा गंज आहे, एका लिंबाने जात नाही. माझ्या पेनाला घाम आला होता.

मग तो बॉल पडला. टाचेने दाबली होती त्याच जागी पडला, मॅटने त्याला धरलं, जरासा थांबला आणि वळला. बॅट्समनने आधीच बॅट घातली होती. बॉल सरळ आभाळात गेला, मिडऑफच्या डोक्यावर. मिडऑफला माझा नवरा. तो बॉलखाली आला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. इरासुद्धा उभी राहिली. बॅट्समन दोघेही पळाले नाहीत, आता संपलंच असं धरून उभे राहिले. बॉल चंद्रहासच्या दोन्ही हातांत पडला, छातीवर आदळला आणि खडीत गेला. पाठोपाठ कप्तानही.

चंद्रहास गुडघ्यांवर बसून खडीतल्या बॉलकडे बघत होता. एका हाताचं बोट सकाळच्या हातोडीने काळंनिळं झालेलं. "तान्या," तो म्हणाला. बारा वर्षांनी ते नाव मी त्याच्या तोंडून ऐकलं. "तान्या, सुटला रे माझ्याकडून."

तानाजी चालत गेला, बॉल उचलला, पँटला पुसला. मग दुसरा हात पुढे करून कप्तानाला उभं केलं.

"ऱ्हवांदे, कप्तान. अजून दोन बॉल आसत."

इराने माझी बाही ओढली. "आई, आउट ना?"

"नाही," मी म्हटलं. रन नाही, विकेट नाही, म्हणून मी वहीत टिंब दिलं आणि पुढचा बॉल लवकर पडू नये असं मला वाटत राहिलं.